म्हशीच्या सिनेमातली पद्मा

भूदेवीअक्का सिनेमा बघायची तो डोळ्यांनी कमी आणि तोंडाने जास्त. थेटरातले दिवे गेले की तिचं सुरू व्हायचं. पडद्यावरची माणसं तेलुगूत बोलायची आणि अक्का त्यांचं बोलणं आम्हा पोरींना मराठीत सांगत राहायची. तेही कुजबुजत नाही, चांगलं मागच्या रांगेला ऐकू जाईल असं. मागून कुणी "गप बसा की ओ बाई" म्हटलं तर मान न वळवता म्हणायची, "मी कुटं बोलतीया? ती म्हैस बोलतीया."

म्हैस खरोखरच होती. सिनेमाच म्हशीचा होता. एक महाकंजूष सावकार मरतो आणि त्याचा आत्मा त्याच्याच गोठ्यातल्या म्हशीत शिरतो. मग ती म्हैस सावकाराच्या उनाड पोराला दूध देत नाही, गरीब गड्याला बादली भरून देते, खलनायकाला शेणाच्या ढिगात ढकलते आणि शेवटी त्याच्यावर बसते. मधे मधे नायक-नायिका तिच्याभोवती फेर धरून गातात. याला कथा म्हणायचं असेल तर ही कथा. आम्हाला त्यासारखा दुसरा सिनेमा जगात नव्हता. शाळेत आम्ही म्हशीसारखं रवंथ करत एकमेकींशी बोलायचो आणि बाईंच्या छड्या खायचो.

सोलापूरच्या पूर्व भागातली आमची बोळ म्हणजे दिवसभर यंत्रमागांची खडखड, आणि दारादारांत मांडीवर सूप घेऊन विड्या वळणाऱ्या बायका. घरं बहुतेक तेलुगू विणकरांची. आमच्यासारखी मराठी घरं मोजकी. वडील महापालिकेच्या शाळेत मास्तर, म्हणून आईला बोळीत जरा मान होता आणि तिने तो जपूनही ठेवला होता. अक्का शेजारच्या खोलीत. नवरा राजय्या मागावर, तो बोलायचा म्हणजे महिन्याकाठी चार वाक्यं. उरलेलं सगळं अक्का बोलायची. विडीचं पान कापताना बोलायची, तंबाखू भरताना बोलायची, तोंडात दोरा धरला असला तरी दोऱ्याच्या बाजूने बोलायची. तिचं मराठी आमच्याच बोळीत शिकलेलं, त्यामुळे माझी आई म्हणायची की माझं मराठी बिघडायला भूदेवी एकटी पुरे आहे.

तिच्या उजव्या हातात हिरव्या काचेच्या बांगड्या असत आणि डावा हात मोकळा. सवाष्ण बाई आणि एक हात रिकामा, हे बोळीतल्या बायकांना बघवत नसे. सणावाराला कुणी तरी दोन बांगड्या घेऊन यायचंच. अक्का त्या घ्यायची, हळदीकुंकू लावायची आणि आमच्यापैकी एखादीच्या हातात चढवायची.

त्या हाताची गोष्ट सगळ्या बोळीला ठाऊक होती. मी तान्ही असतानाची. संक्रांतीला भरणाऱ्या गड्ड्याच्या यात्रेत अक्का कासाराकडे बांगड्या भरायला बसली होती. उजवा हात कासाराच्या हातात आणि डाव्या हातात पद्माचं मनगट. पद्मा तिची एकुलती एक, माझ्याहून थोडी मोठी, नुकती तुरुतुरु चालायला लागलेली. उजवा हात भरून झाला. कासार म्हणाला, आता दुसरा द्या. तो देण्यासाठी अक्काने पद्माचं मनगट सोडलं आणि नव्या बांगड्यांचा हात तिच्याकडे नेला. तेवढ्यात तिथे पद्मा नव्हती.

पोलीस झाले, देवऋषी झाले, विहिरी झाल्या, आसपासची गावं झाली. पद्मा मिळाली नाही. मेली म्हणावं तर अंग मिळालं नाही, आणि हरवली म्हणावं तर किती वर्षं म्हणायचं? अक्काला एवढंच जाणून घ्यायचं होतं की पोर आहे की नाही. बोळीतल्या बायकांना वाटायचं हिने आता रडून मोकळं व्हावं. ती रडायची नाही. कशाबद्दल रडायचं ते अजून ठरलेलं नाही, असं तिच्या चेहऱ्यावर असायचं.

मग काही वर्षांनी म्हशीचा सिनेमा आला. त्यात एक मेळा आहे. म्हैस दावं तोडून मेळ्यात घुसते, माणसं सैरावैरा पळतात, जिलबीची कढई उलटते. त्या गडबडीत एका कोपऱ्यात बांगड्यांचं दुकान दिसतं आणि दुकानाशी पाठमोरी उभी असलेली एक लहान पोरगी. लाल रिबिनी, निळं परकर-पोलकं. ती मान अर्धी वळवते, आता तोंड दिसणार एवढ्यात मधून म्हैस जाते, आणि म्हैस गेल्यावर तिथे दुसरीच माणसं असतात. पापणी लवली तर चुकावं एवढंच ते. अक्का पहिल्यांदा बघायला गेली ती अर्ध्यातून उठून धावत घरी आली आणि राजय्याला मागावरून ओढून पुढच्या खेळाला घेऊन गेली. "आपली पद्मी हाय तितं," ती सगळ्या बोळीला सांगत सुटली.

राजय्याने रजा काढली आणि दोघं हैदराबादला जाऊन आली. कुठल्या तरी स्टुडिओच्या दारावर दिवसभर बसली. दरवानाने शेवटी सांगितलं, तो मेळा खरा नव्हताच, आवारात उभा केलेला होता, माणसं भाड्याने आणलेली, त्यांची नावं कोण लिहून ठेवतो? अक्का परत आली आणि आईला म्हणाली, "वहिनी, मेळा खोटा हाय म्हनं. दुकानं खोटी, बांगड्या खोट्या. आसंल की. पोरगी तर खरी आसंल न्हवं?"

तो सिनेमा थेटरवाले अधूनमधून परत लावायचे. मागांना सुट्टी असली की मॅटिनीला हमखास गर्दी. अक्का दरवेळी आम्हा पोरींना घेऊन जायची. आम्हाला वाटायचं लाड करते. खरं कारण ती दारातच सांगून टाकायची, "माजे डोळे तंबाखूनं गेल्यात. तुमी बघा, आन सांगा." मेळा जवळ आला की तिचं बोलणं थांबायचं. एरवी न थांबणारी बाई थांबली की आमच्या अंगावर काटा यायचा. मग "चूडु, चूडु" म्हणजे बघा, बघा, असं ती तेलुगूत पुटपुटायची आणि माझा दंड इतका घट्ट धरायची की बोटांचे वळ उठायचे. म्हैस आडवी गेली की दंड सुटायचा. "दिसली?" आम्ही म्हणायचो दिसली. दिसायचीच. यात खोटं काही नव्हतं.

त्या सिनेमात म्हैससुद्धा पद्मालाच शोधायची. अक्काच्या मराठीत तरी शोधायची. जाडसर, सावकाश आवाजात, घास घोळवत ती प्रत्येकाला विचारायची, "आमची पद्मी बगितली का रं? हितंच हुती की." सावकाराच्या आत्म्याला पद्माचं काय पडलंय हे आम्हाला कधी खटकलं नाही. मुलांना असल्या गोष्टी खटकत नाहीत.

खटकली ती दुसरीच गोष्ट. दुसऱ्या की तिसऱ्या खेपेला बाहेर पडताना अक्का समाधानाने म्हणाली, "उंच झालीया औंदा." आम्ही हसलो. पुढच्या खेपेला म्हणाली, केस वाढलेत. मी घरी येऊन आईला सांगितलं तर आई म्हणाली, "सिनेमात कुणी वाढतं का गं? रीळ तेच असतं." मग मीही मैत्रिणींना तेच सांगू लागले, मास्तरांची मुलगी असल्याच्या तोऱ्यात. पण मी सातवीत असताना तो सिनेमा पुन्हा लागला आणि मला त्या पोरीचे घोटे दिसले. आधी परकर जमिनीला टेकायचा. आता तो आखूड झाला होता. मी ते कुणाला बोलले नाही. आईला तर नाहीच.

अक्का दर दिवाळीला पद्मासाठी परकर-पोलकं शिवून घ्यायची. शिंप्याने माप विचारलं की मला बोलावून उभी करायची आणि म्हणायची, "हिच्यापरीस बोटभर उंच धरा. खांद्यात वाईच बारीक." नवं शिवून आलं की मागच्या वर्षीचं बोळीतल्या एखाद्या पोरीला मिळायचं. घडी न मोडलेलं, डांबराच्या गोळ्यांचा वास असलेलं. मी पद्माचं पोपटी परकर-पोलकं घातलं आहे. माझ्या अंगावर माप घेऊन शिवलेलं कुठलंच कापड मला कधी इतकं नेमकं बसलं नाही. आईने ते एकदाच घालू दिलं. संध्याकाळी उतरवून घेतलं आणि माझ्यावरून मीठ-मोहरी उतरवून टाकली. शिकलेल्या घरात हे चालत नसे, पण त्या दिवशी चाललं.

पुढे थेटर बंद पडलं. राजय्या गेला. मागांची बोळ हळूहळू ओस पडली, आणि अक्काला कुंभारीला विडी कामगारांच्या वसाहतीत घर मिळालं. मी शिकले, लग्न करून पुण्याला गेले, मुलं झाली. सोलापूरला आले की आईकडून कळायचं, भूदेवी बरी आहे, मोतीबिंदू झालाय, तुझी आठवण काढते. मी "जाईन एकदा" म्हणायची आणि जायची नाही.

परवा उन्हाळ्यात माहेरी होते. दुपारी आई पडली होती आणि मी मोबाइल चाळत होते, तर म्हशीचा सिनेमा समोर आला. कुणीतरी अख्खाच्या अख्खा टाकलेला, खाली इंग्रजी अक्षरं येणारा. मी हरखूनच गेले. उठून चहा टाकला, मांडी ठोकून बसले. सुरुवातीची गाणी, सावकाराचं मरण, तिरडीवरून पैसे मोजणं, सगळं होतं तसंच, तितकंच मूर्ख. मी एकटी खदखदून हसत होते. मग म्हैस आली.

म्हैस बोलेना. नुसती रवंथ करत उभी. मला वाटलं पुढे बोलेल. खालची अक्षरं बघत बसले, म्हैस पडद्यावर आली की अक्षरंच येत नव्हती. सबंध सिनेमात ती म्हैस एक अक्षर बोलत नाही. तो जाड, सावकाश आवाज, ज्याच्या नकला करून आम्ही छड्या खाल्ल्या, तो त्या सिनेमात नव्हताच कधी. मला हसू यायला हवं होतं. पण मुक्या म्हशीचा जबडा हलत होता आणि आवाज मला स्वच्छ ऐकू येत होता. आमची पद्मी बगितली का रं. मी मोबाइलचा आवाज पूर्ण बंद केला, तरी तो येतच राहिला. चहाला साय आली.

मेळा आला तेव्हा मी उठून खिडकी उघडली, उगीच. मग चित्र थांबवलं. लहानपणी हे जमत नव्हतं. आता बोट टेकवलं की जग थांबतं. बांगड्यांचं दुकान होतं. निळ्या परकराची पोरगी नव्हती. मागे नेलं, पुढे आणलं, पुन्हा पुन्हा बघितलं. पोरगी जिथे उभी असायची तिथे एक बाई होती. पाठमोरी, अंबाडा घातलेली, पोपटी लुगड्यातली, चांगली चाळिशीची. मान तशीच अर्धी वळलेली.

दुसरी प्रत असेल, मी स्वतःला सांगितलं. लहानपणचं काय आठवतं माणसाला? आई उठल्यावर तिला सांगितलं तर तिने मोबाइल डोळ्यांसमोर सुद्धा धरू दिला नाही. "भूदेवीला दाखवू नको," ती म्हणाली. "पोरगी त्यात नाही म्हटल्यावर तिच्याकडे राहिलं काय?" मलाही तेच वाटलं. एवढी वर्षं त्या बाईने पापणीएवढ्या जागेत लेक सांभाळली होती. ती जागा मी रिकामी करून दाखवायची? नाही दाखवायचं, असं आमच्या दोघींचं ठरलं. आणि दुसऱ्या दिवशी आईनेच फोनवर बोलता बोलता तिला सांगून टाकलं की सुनीच्या, म्हणजे माझ्या, मोबाइलवर तुझी म्हैस आली आहे. म्हाताऱ्या माणसाच्या पोटात काही राहत नाही. फोन माझ्याकडे आला तेव्हा अक्का एवढंच म्हणाली, "घिऊन ये की."

कुंभारीला पोचले तेव्हा उन्हाने वसाहतीचे रस्ते पांढरे पडले होते. अक्का दारातच होती. खूप वाळली होती, पण मांडीवर सूप होतं आणि बोटं चालत होती, नजर न लावता. उजव्या हातात हिरव्या बांगड्या, डावा मोकळा. "लई जाड झालीस," तिने माझ्या दंडाला हात लावून सांगितलं. पाणी दिलं, मुलांची चौकशी केली, आणि मग सूप बाजूला ठेवून, हात धुऊन, पदर डोक्यावरून घेऊन बसली. देवळात बसावं तशी.

मी सिनेमा लावला. तिने मोबाइल नाकाजवळ धरला. म्हैस आल्याबरोबर तिचं तोंड सुरू झालं. तोच आवाज, घास घोळवत. मी खालची अक्षरं वाचणं सोडून दिलं.

मेळ्याच्या आधीचं गाणं लागलं. "अक्का, बॅटरी संपत आलीय, राहू दे," असं म्हणून मी हात पुढे केला. तिने माझं मनगट धरलं. म्हातारीच्या हातात अजून तेवढाच जोर होता. तिचं बोलणं थांबलं होतं. म्हैस मेळ्यात घुसली, कढई उलटली.

"थांबिवता येतं म्हनं यात," ती म्हणाली. "थांबीव."

मी थांबवलं. ती बघत राहिली. बाहेर कुणाचा तरी माग चालू होता, तेवढाच आवाज. मी शब्द जुळवत होते. दुसरी प्रत आहे, कापाकापी करतात, असं काहीतरी.

"हीच की," अक्का म्हणाली.

"अक्का, ही बाई आहे. मोठी बाई आहे."

"मग? ल्हानच ऱ्हाईल व्हय जलमभर?" तिने माझ्याकडे वेड्या पोरीकडे बघावं तसं बघितलं. "तू ऱ्हायलीस का ल्हान? तुज्यापरीस थोरली हाय ती."

माझ्या दोन्ही हातांवर काटा आला होता आणि भर उन्हाळ्यात मला पंखा बंद करावासा वाटत होता.

"गळ्यात काय हाय का बघ तिच्या," ती म्हणाली. "मला दिसंना."

मी चित्र मोठं केलं. मोठं केलं की त्याचे नुसते चौकोन होतात. पण मानेवर, अंबाड्याच्या खाली, एक बारीक काळी रेघ होती. सावली असेल, केस असेल, मणी असतील. "आहे," मी म्हणाले. मला ते आहे असंच दिसलं.

"हाताला?"

"भरलेले आहेत. दोन्ही हात. हिरव्या बांगड्या आहेत, कोपरापर्यंत."

अक्काने डोळ्यांना पदर लावला. तिला रडताना मी त्या दिवशी पहिल्यांदा बघितलं. आवाज नव्हता, नुसते खांदे हलत होते, आणि मग तिने नाक पुसलं आणि तटकन उठली. फळीवरून तांदळाचा डबा काढला. तिच्या लोकांत लग्न झालेली लेक माहेरी आली की तिच्या पदरात हळद लावलेले तांदूळ घालून तिला सासरी पाठवतात. आपली ओटीच ती, पण त्यांच्यात तांदळाचा मान मोठा. परातीत तांदूळ, त्यावर हळद, तेलाचं बोट, कुंकू. एक खण पेटीतून निघाला, डांबराच्या गोळ्यांचा वास येणारा. मोबाइल तिने पाटावर उभा करून ठेवला, त्या थांबलेल्या बाईसकट, आणि त्याला कुंकवाचं बोट टेकवलं.

"पदर कर," ती मला म्हणाली. "तिच्या नावानं तू धर."

मी ड्रेसमध्ये होते, ओढणी पसरली. ती ओंजळीने तांदूळ घालत गेली आणि तेलुगूत काहीतरी म्हणत गेली. माझ्याशी बोलत नव्हती. माझ्या खांद्याच्या जरा डावीकडे बघत बोलत होती. तांदूळ एवढ्याशा ओंजळीचे, पण ओढणी हाताला ओढ देत होती. मी मान वळवून बघितलं नाही.

झाल्यावर मी विचारलं, "पुढचं लावू? म्हैस बसते ते?"

"नगं," अक्का म्हणाली. "वटी भरली की लेकीला निघू द्यावं. सारकं सारकं बलवून पाय अडकवू न्हाईत." तिने स्वतःच बोटाने मोबाइलचा पडदा काळा केला. कसं जमलं कोण जाणे.

मला सोडायला ती वसाहतीच्या कमानीपर्यंत आली. उन्हात चप्पल न घालता, माझ्यापासून हातभर अंतर ठेवून. मी जवळ सरकले की ती पुन्हा तेवढीच बाजूला व्हायची. रिक्षा थांबली. मी ओढणीची गाठ सांभाळत पाया पडले. तिने माझ्या डोक्यावर हात ठेवला, मग तो हात उचलून बाजूला तेवढ्याच उंचीवर, बोटभर वर, क्षणभर धरला.

"सावकाश जावा गं दोघी," ती म्हणाली, आणि मागे न बघता घराकडे चालू लागली.

रिक्षात चढून मी आधी मधोमध बसले होते. मग जरा सरकून बसले.